घरजावयाचा अर्ज

आपल्या भाषेत घरजावई हा शब्द सहसा कोणी आदराने उच्चारीत नाही. मुलीने सासरी जावे आणि माहेरी पाहुणी म्हणून यावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जावईबापू चार दिवस सासुरवाडीला आले तर त्यांच्यासाठी पुरणावरणाचा स्वयंपाक होतो. तेच जावईबापू कायमचे राहू लागले की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. 'याचे स्वतःचे घरदार नाही की काय?' हा प्रश्न कोणी तोंडावर विचारीत नाही इतकेच.

श्रोते हो, आज मी ज्या घरजावयाची हकीकत सांगणार आहे तो एखाद्या वाड्याच्या नव्हे, तर राष्ट्राच्या उंबरठ्यावर उभा आहे. एका देशाच्या स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह केला आणि 'आम्ही दोघे माझ्या देशात राहतो' असे ती म्हणाली, तर त्या पुरुषाला सरकारदरबारी अर्ज करावा लागतो. परदेशी सुनेलाही आज असा अर्ज चुकत नाही. हा अर्ज कोठून आला, त्यात काय काय विचारले गेले आणि त्याच्या निकालांवरून काय शिकावे, याचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे. त्यातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे मांडावयाची आहे. अर्जावर नाव परक्याचे असते खरे, परंतु निकाल देताना राज्य तोलत असते ते आपल्याच नागरिकाला, आणि विशेषेकरून आपल्या लेकीला. हे माझे म्हणणे कितपत टिकते ते पुढील हकीकतीवरून आपणच ठरवावे.

प्रारंभी असा अर्जच नव्हता. लग्न झाले की मुलीचे गोत्र बदलते, हे आपल्याला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या कायद्याने तिचे राष्ट्रही बदलून टाकले. १८०४ साली फ्रान्समध्ये नेपोलियनच्या राजवटीत जी दिवाणी संहिता तयार झाली, तिने सांगितले की परदेशी स्त्री फ्रेंच पुरुषाशी विवाह करील तर ती फ्रेंच होईल, आणि फ्रेंच स्त्री परक्याशी विवाह करील तर ती परकी होईल. इंग्लंडने १८४४ च्या कायद्याने पहिला भाग स्वीकारला व १८७० च्या कायद्याने दुसरा. पुढे हीच रीत बऱ्याच देशांत रूढ झाली. सुनेला घरात यावयास परवानगी लागत नसे, कारण लग्न हाच तिचा परवाना होता. परंतु त्याच न्यायाने लेक घराबाहेर गेली. तिने माहेरचे गाव सोडले नसले, जन्मभर त्याच गल्लीत राहिली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती परकी झाली.

हे परकेपण केवळ कागदावरचे होते असे कोणी समजू नये. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडात जन्मलेल्या, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या कितीतरी बायका, केवळ नवरा जर्मन म्हणून, शत्रुराष्ट्राच्या प्रजा ठरल्या. पोलीस ठाण्यावर जाऊन त्यांना आपली नोंद करावी लागली.

अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. तेथे १९०७ साली असा कायदा झाला की अमेरिकन स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह केल्यास तिला नवऱ्याचे राष्ट्रीयत्व मिळेल, म्हणजेच स्वतःचे जाईल. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेंझी या बाईंनी १९०९ साली एका स्कॉटिश गायकाशी लग्न केले. त्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत त्या होत्या, आणि १९११ साली तो अधिकार मिळालाही. १९१३ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदविण्यास त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आपण आता अमेरिकन नाही. बाईंनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९१५ साली न्यायालयाने निर्णय दिला तो त्यांच्याविरुद्ध. पती आणि पत्नी यांचे एकत्व हे जुने तत्त्व आहे, आणि परिणाम ठाऊक असताना त्यांनी आपखुशीने हे लग्न केले, असा त्या निर्णयाचा आशय होता. मताधिकारासाठी झगडलेल्या स्त्रीला मत मिळाले नाही, कारण तिने लग्न केले होते!

१९२० साली सर्व अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, केबल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा होऊन ही स्थिती पालटली. पण पुरती पालटली नाही. नवरा अमेरिकेचा नागरिक होण्यास 'अपात्र' वंशाचा असेल, तर स्त्रीचे नागरिकत्व जाईल, असे कलम त्यात शिल्लक होते. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसांना अपात्रांत ढकलले, आणि हे कलम आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचले. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी १९२४ मध्ये मेरी मोर्स यांनी विवाह केला. नागरी हक्कांच्या चळवळीत नाव असलेल्या या अमेरिकन बाईंना एका हिंदी माणसाशी विवाह केल्यापायी स्वतःच्या नागरिकत्वास मुकावे लागले. हे कलम रद्द झाले ते १९३१ साली.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हवा बदलली. ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने आपल्या स्त्रियांचे राष्ट्रीयत्व लग्नापासून सोडविले. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीचा करार संमत केला. विवाहाने किंवा घटस्फोटाने पत्नीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये, हे त्याचे सूत्र. स्त्रीला गोत्राबरोबर राष्ट्र बदलावे लागू नये, हा मोठाच विजय होता.

परंतु या विजयाच्या पोटातच नवा प्रश्न होता. नवरा एका देशाचा आणि बायको दुसऱ्या देशाची, असे आता घडू लागले. मग दोघांनी राहावयाचे कोठे? पूर्वी कायदा म्हणे, नवऱ्याच्या घरी. आता तसे म्हणणे अवघड झाले. येथे तो अर्ज अवतरला, आणि त्याच्याबरोबर जुनी समजूत मागल्या दाराने आत आली.

प्रथम मॉरिशसचे पाहू. हिंदी महासागरातील हे बेट आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून कोकणातली माणसे तेथे उसाच्या मळ्यांत कामास गेली, आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने १९७७ मध्ये परकीयांच्या प्रवेशाविषयीचे व हद्दपारीविषयीचे कायदे बदलले. त्यामुळे मॉरिशसच्या पुरुषाची परदेशी बायको हक्काने देशात राहू शके. मात्र मॉरिशसच्या स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला मंत्र्याकडे वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागे. अर्ज नाकारला वा दिलेला परवाना काढून घेतला, तर त्यावर न्यायालयात दाद नव्हती. वीस स्त्रियांनी एकत्र येऊन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. त्यांत शिरीन औमीरुद्दी-सिफ्रा या विधिमंडळाच्या निर्वाचित सदस्याही होत्या. जी स्त्री देशासाठी कायदे करण्यास लायक ठरली होती, तिच्या नवऱ्याच्या अर्जावर जवळजवळ तीन वर्षे कसलाच निर्णय झाला नव्हता.

१९८१ च्या एप्रिलमध्ये समितीने आपले मत दिले. वीसपैकी सतरा स्त्रिया अविवाहित होत्या. त्यांना प्रत्यक्ष झळ पोहोचली नाही असे समितीने म्हटले. तिघी विवाहितांच्या बाबतीत मात्र निर्णय स्पष्ट होता. स्त्री-पुरुषांत असा भेद करणे म्हणजे नागरी हक्कांच्या कराराचा भंग होय. नवऱ्याला कोणत्याही दिवशी देशाबाहेर जावे लागेल, ही टांगती तलवारच कुटुंबजीवनातील हस्तक्षेप आहे, हे समितीने मान्य केले. १९८३ साली मॉरिशसने कायद्यातील तो भेद काढून टाकला.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील बोट्स्वाना देशातील दुसरे प्रकरण याहून मनाला भिडणारे आहे, कारण तेथे प्रश्न लेकरांपर्यंत गेला. युनिटी डाऊ या वकील बाईंनी १९८४ साली एका अमेरिकन गृहस्थाशी विवाह केला. त्यांचे पहिले अपत्य विवाहापूर्वीचे, म्हणून ते आईच्या नात्याने बोट्स्वानाचे नागरिक होते. नंतरची दोन मुले त्याच देशात जन्मली, त्याच घरात वाढली, पण १९८४ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे बापाच्या वळणावर गेली आणि परदेशी ठरली. बापाच्या वास्तव्याच्या परवान्यावर त्यांचे आपल्या आईच्या देशात राहणे अवलंबून होते. एका आईची तीन लेकरे, एकाच ताटात जेवणारी. त्यांतले एक देशाचे आणि दोन पाहुणी! सरकारचा बचाव असा की आमचा समाज पितृप्रधान आहे, कायदा त्या रूढीस धरून आहे. १९९१ साली उच्च न्यायालयाने आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. रूढी राज्यघटनेच्या वर नाही, असा त्याचा इत्यर्थ. १९९५ साली कायदा सुधारला गेला, आणि १९९८ मध्ये याच बाई त्या देशाच्या उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या.

आता ब्रिटनकडे वळू. येथील कथा अधिक लांब आहे, आणि तिचा शेवट सरळ नाही. १९६२ पासून राष्ट्रकुलातून येणाऱ्या लोकांवर ब्रिटनने निर्बंध घालण्यास आरंभ केला. तरी बायकामुलांना येण्यास मोकळीक होती. १९६९ साली राष्ट्रकुलातील नवऱ्यांना व वाग्दत्त वरांना येण्याचा मार्ग बहुतांशी बंद करण्यात आला. १९७४ मध्ये तो पुन्हा उघडला. १९७७ साली दिखाऊ लग्नांना आळा घालणारे नियम आले, आणि १९८० च्या नियमांनी दार जवळजवळ लोटून घेतले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला पुरुष, नागरिक असो वा नसो, सामान्यतः आपली बायको आणू शके. स्त्रीला मात्र नवरा आणावयाचा तर ती नागरिक हवी, आणि शिवाय ती स्वतः किंवा तिच्या आईबापांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मलेले हवे. म्हणजे नागरिक स्त्रियांतही, जन्म कोठला यावरून, दोन पंगती झाल्या. या दुसऱ्या पंगतीत कोण बसणार होते हे सांगावयास नको.

बायकांचे येणे तरी मानाचे होते काय? १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. तिचा वाग्दत्त वर तेथे राहत होता आणि ती लग्नासाठी आली होती. ती खरोखरच अविवाहित आहे ना, हे ठरविण्यासाठी तिची कौमार्यतपासणी करण्यात आली. फेब्रुवारीत वृत्तपत्राने ही गोष्ट उघडकीस आणली, भारतात संताप उसळला आणि ती प्रथा थांबवावी लागली. कागदावरचा संशय माणसाच्या देहापर्यंत कसा जातो, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

नवऱ्यांच्या अर्जांत संशयाचे रूप निराळे होते. 'प्रमुख हेतू'चा नियम म्हणून तो प्रसिद्ध आहे. या लग्नाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे. आता 'नाही' हे सिद्ध करणे किती कठीण! तुम्ही ब्रिटनमध्ये का राहू इच्छिता, असे विचारल्यावर 'माझी बायको तेथे राहते' हे प्रामाणिक उत्तरही अंगाशी येण्याचा संभव. आणि येथे आपला घरजावई पुन्हा भेटतो. भारतीय उपखंडातील अर्ज तपासणारे अधिकारी असा युक्तिवाद करीत की तुमच्या समाजात मुलगी नवऱ्याच्या घरी जाते. मग हा नवरा मुलीच्या घरी का निघाला? त्या अर्थी लग्न हे निमित्त असून खरा हेतू विलायतेस जाण्याचा आहे. आपल्या रूढीचा असा उपयोग कोणी करील हे आपल्या आजीपणजींच्या स्वप्नातही आले नसेल. ज्या रूढीतून मुलींनी बाहेर पडावे म्हणून सुधारक झटले, तीच रूढी परक्या सरकारने त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी केली.

ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेल्या तीन स्त्रियांनी याविरुद्ध स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दार ठोठावले. अब्दुलअजीज, काबालेस व बालकंदाली या तिघींच्या आडनावांनी तो खटला ओळखला जातो. एकीचा नवरा पोर्तुगीज अमदानीतील दमणमध्ये जन्मलेला, दुसरीचा फिलिपाइन्सचा, तिसरीचा तुर्कस्तानचा. सरकारचे म्हणणे असे की पुरुष आले की नोकऱ्या शोधणार, देशात बेकारी आहे, म्हणून पुरुषांना अटकाव. बायका त्या मानाने कमी प्रमाणात नोकरी करतात. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. विवाहित जोडप्याने कोणत्या देशात राहावे ही त्यांची निवड राज्याने मानलीच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन नाही, असे न्यायालयाने प्रथम म्हटले. परंतु एकदा पुरुषांना सवलत दिल्यावर स्त्रियांना ती नाकारणे हा लिंगभेद आहे, आणि असा भेद करावयाचा तर कारण फार वजनदार लागते. बेकारीचे कारण तेवढे वजनदार नाही, असा निर्णय झाला.

तिघी जिंकल्या. आता सरकार काय करणार? समता दोन प्रकारे साधता येते. एका मुलाला भाकरी आणि दुसऱ्याला उपवास असेल, तर दुसऱ्यालाही भाकरी द्यावी, हा एक मार्ग. पहिल्याच्या ताटातली भाकरी काढून घ्यावी, हा दुसरा. ब्रिटिश सरकारने दुसरा मार्ग पत्करला. १९८५ मध्येच नियम बदलले आणि 'प्रमुख हेतू'ची कसोटी बायकांनाही लागू केली. १९८८ च्या कायद्याने तर १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना बायकामुले आणण्याची जी खात्री कायद्याने दिली होती, तीही काढून घेतली. घरजावयाला दार उघडा म्हटले, तर सुनेलाही दाराबाहेर उभे केले! 'प्रमुख हेतू'चा नियम अखेर रद्द झाला तो १९९७ च्या जूनमध्ये.

त्यानंतर तराजूत नवे वजन आले, ते पैशाचे. २०१२ साली ब्रिटनने ठरविले की परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असले पाहिजे. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट तत्त्वतः ग्राह्य धरली, मात्र मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत झालेला नाही असे बजावले. एप्रिल २०२४ मध्ये ही रक्कम २९,००० पौंडांवर नेण्यात आली. या नियमात स्त्री किंवा पुरुष हा शब्द कोठेही नाही. पण ज्या समाजात स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांहून कमी आहे, जेथे मूल सांभाळण्यासाठी आईच नोकरीचे तास कमी करते, तेथे ही अट कोणाला अधिक जाचते हे उघड आहे. श्रीमंताला आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य, आणि गरिबाने लग्न आपल्या वेशीच्या आत करावे, असाच याचा व्यवहारातला अर्थ होतो.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. खोटी लग्ने होतात. पैसे घेऊन सह्या करणारे असतात, आणि भोळ्या मुलीला फसवून परवाना मिळताच पसार होणारेही असतात. कोणतेही राज्य डोळे मिटून दार उघडे ठेवू शकत नाही. पडताळणी करण्याचा त्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही. माझा प्रश्न एवढाच की संशयाचा आरंभ कोठून व्हावा. प्रत्येक अर्ज खोटा धरून चालावयाचे, आणि निर्दोषत्वाचा भार नवऱ्याबायकोवर टाकावयाचा, की ज्यावर खूण दिसेल तो अर्ज तपासावयाचा? चोर पकडण्यासाठी गावातल्या प्रत्येक घराची झडती घेणाऱ्या फौजदाराला आपण कर्तव्यदक्ष म्हणत नाही.

परक्यांचे दोष सांगून आपण मोकळे झालो असे होऊ नये, म्हणून आपल्या कायद्याकडेही पाहू. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहाच्या नात्याने नोंदणी करून नागरिक होण्याची सोय होती, पण ती भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या 'स्त्रियां'साठी. परदेशी सुनेसाठी वाट होती, परदेशी जावयासाठी ती नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' असा शब्द आला. एका शब्दाने जावयाला वाट मिळाली, आणि यास स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे लागली. पुढे २००३ च्या दुरुस्ती कायद्याने अशा अर्जापूर्वी सात वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. २०१५ पासून भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला, नोंदणी झालेला विवाह दोन वर्षे टिकला असल्यास, 'ओव्हरसीज सिटिझन'चे कार्ड मागता येते. मात्र विवाह कायद्याने संपुष्टात आला तर ते कार्ड रद्द होऊ शकते. म्हणजे पंधरा वर्षे येथे संसार केलेल्या, मुले वाढविलेल्या माणसाचा पाय अजून लग्नाच्या एकाच दोरीवर आहे. ती दोरी ज्याच्या हाती, त्याने ती ओढण्याची धमकी दिली तर काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या साऱ्या इतिहासात मला एक धागा दिसतो. एथेल मॅकेंझींना मत नाकारले गेले, मॉरिशसच्या तिघींचे नवरे परवान्यासाठी ताटकळले, युनिटी डाऊ यांची लेकरे पाहुणी ठरली. यांतील कोणीही परदेशात जाऊन काही मागितले नव्हते. त्या आपापल्या घरी उभ्या राहून विचारीत होत्या की हे घर माझे आहे काय? परक्या माणसाला घरात घेण्याचा प्रश्न म्हणून राज्याने जो सोडविला, तो वस्तुतः घरच्या माणसाच्या हक्काचा प्रश्न होता. नागरिकाला आपल्या देशात राहण्याचा हक्क आहे असे आपण म्हणतो. परंतु जोडीदाराला बाहेर ठेवून तो हक्क दिला, तर एक तर घर सोडा किंवा संसार सोडा, एवढीच निवड हाती उरते. अशा निवडीला हक्क म्हणणे म्हणजे शब्दाशी खेळ करणे होय.

आपल्या शहरातली मुले-मुली आज जगभर गेली आहेत. कोणाची सून ओसाकाची आहे, कोणाचा जावई म्युनिकचा. कोणी तिकडे अर्ज करून उत्तराची वाट पाहत आहे, कोणी इकडे. अशा घरी गेलात तर 'काम कधी होणार?' एवढेच विचारून थांबू नका. त्या अर्जात काय काय मागितले आहे आणि कोणाची परीक्षा चालली आहे, तेही विचारा. आणि उद्या आपल्याच देशात एखाद्या मुलीने परदेशी नवऱ्यासह माहेरच्या गावी बिऱ्हाड थाटले, तर 'घरजावई' हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबा. जावयाच्या नावाने दार लावले जाते, तेव्हा बाहेर लेकही उभी असते.